भाजणीच्या पाकिटावरचा लोगो कोणाकडून करून घ्यावा?

माझ्या मोठ्या जाऊबाईंनी पुण्यात कोथरूडच्या घरून भाजणी, मेतकूट आणि लोणची विकायला सुरुवात केली, तेव्हा पहिला लोगो आम्ही अर्ध्या तासात उरकला. पेठेतल्या एका डीटीपीच्या दुकानात ऑपरेटरशेजारी स्टूल ओढून बसलो, नाव सांगितलं, त्यानं तयार चित्रांमधली एक पळी-कढई शोधून नावाशेजारी बसवली. ८०० रुपये दिले, लोगो व्हॉट्सॲपवर आला.

वर्षभरानं एका प्रदर्शनात स्टॉल घेतला आणि फ्लेक्सवाल्यानं ओपन फाइल, म्हणजे कितीही मोठी केली तरी कडा न फाटणारी मूळ फाइल, मागितली. दुकानात ती नव्हती, मधल्या काळात कॉम्प्युटर फॉरमॅट झाला होता. मग व्हॉट्सॲपवरचंच चित्र ताणून दहा फुटांचं केलं, अक्षरांच्या कडा फाटल्यासारख्या दिसत होत्या. त्याहून वाईट म्हणजे दोन स्टॉल सोडून तिसऱ्या टेबलावर तीच पळी-कढई दुसऱ्याच कोणाच्या लोणच्याच्या बरणीवर होती. त्यांचीही काही चूक नव्हती. जाऊबाई घरी येईपर्यंत फारसं बोलल्या नाहीत.

दुसऱ्या वेळी मात्र आम्ही महिनाभर हिंडलो, चौकशी केली, दर विचारले. खाली दिलेले आकडे आम्हाला सांगितले गेलेले आहेत. तुम्हाला थोडे कमी-जास्त सांगतील.

डीटीपीचं दुकान की ॲप?

डीटीपीवाल्यांना नावं ठेवायची नाहीत. नारायण पेठ, शनिवार पेठेत वर्षानुवर्षं छपाईशेजारी बसलेल्या माणसाला कोणता रंग पाऊचवर काळपट पडतो, किती बारीक रेघ स्टिकरवर टिकत नाही, हे तोंडपाठ असतं. नुसतं नाव सुबक अक्षरात हवं असेल, धंदा अजून चाचपडत असेल, तर तिथे जाणं शहाणपणाचंच आहे. दोन अटी घाला. एक, तयार चित्र वापरायचं नाही. दोन, अक्षरं कर्व्ह केलेली, म्हणजे फॉन्ट नसला तरी जशीच्या तशी दिसतील अशा आकारांत बदललेली, ओपन फाइल पेनड्राइव्हवर त्याच दिवशी घ्यायची. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकचं श्रीलिपी हे मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर अनेक दुकानांत वापरतात. त्याच्या जुन्या फॉन्टमधला मजकूर कर्व्ह न करता दिला, तर तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर तुमच्या नावाच्या जागी भलतीच इंग्रजी अक्षरं उमटतात.

कॅनव्हासारख्या ॲपवरचे साचे सणाच्या पोस्टसाठी छान आहेत. पण त्यातली चित्रं तुमच्याइतकीच इतर सगळ्यांसाठीही खुली असतात, त्यामुळे त्यांच्यावर एकट्यानं हक्क सांगता येत नाही. आमची पळी-कढई पुन्हा तिथेच भेटली असती.

फ्रीलान्सर

म्हणजे स्वतंत्रपणे, एकट्यानं काम करणारा डिझायनर. सांगितलेले दर ८,००० पासून २०,००० रुपयांपर्यंत होते. एवढ्या पैशात काय जास्त मिळतं, हे आम्हाला पहिल्याच भेटीत कळलं. ज्या मुलीला अखेर काम दिलं, तिनं लॅपटॉप उघडलाच नाही. पाकीट मागितलं, भाजणी हातात घेऊन वास घेतला, कोण विकत घेतं ते विचारलं, आणि लोगो कुठे कुठे लागणार याची यादी आमच्याकडूनच लिहून घेतली: दोन इंचांचा स्टिकर, बरणीचं झाकण, बिलाचा थर्मल कागद, ॲप्रनवरचं भरतकाम, व्हॉट्सॲपचा डीपी, पुढेमागे दुकानाची पाटी. थर्मल कागदावर फक्त काळा रंग उमटतो. भरतकामात बारीक वेलांट्या दोऱ्यात बुजतात. म्हणून तिनं पहिले सगळे नमुने पेन्सिलनं, एका रंगात काढले. रंग शेवटी आले.

फ्रीलान्सर निवडताना इंग्रजी लोगोंचे सुंदर नमुने बघून भुलू नका, देवनागरीत केलेलं काम मागा. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणापेक्षा वेगळे असतात, आणि कित्येक फॉन्टमध्ये आपोआप हिंदी वळणच येतं. ज्याला हा फरक दिसतच नाही, त्याच्याकडून मराठी नावाचा लोगो करून घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. पाटीच्या दृष्टीनंही हे महत्त्वाचं आहे. दुकानांच्या कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर राज्यातल्या दुकानांच्या पाटीवर नाव मराठीत, देवनागरीत लागतं, आणि ती अक्षरं इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत. म्हणजे इंग्रजी लोगो ऐटीत करून खाली मराठी नाव कसंबसं चिकटवायचे दिवस गेले.

वेळेचा धोका मात्र आहे. माणूस एकटाच असतो. तो आजारी पडला की काम थांबतं. आमचं काम तीन आठवड्यांचं होतं, पाच लागले.

हातात दोन-तीन महिने असतील तर अभिनव कला महाविद्यालयात किंवा लोणी काळभोरच्या एमआयटी डिझाइन संस्थेत शिकणाऱ्या शेवटच्या वर्षाच्या मुलांनाही विचारा. हात चांगला असतो. परीक्षा आली की फोन उचलत नाहीत.

स्टुडिओ

डिझाइन स्टुडिओनं सांगितले ६०,००० रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी. त्यात लोगो, पाकिटं, रंगांचे नेमके क्रमांक, लोगो कसा वापरायचा याची पुस्तिका, सगळं येतं. चार शाखा उघडणार असाल, वितरक नेमणार असाल, तर हा खर्च वाया जात नाही. आमच्यासारख्या एका स्वयंपाकघरातून चालणाऱ्या धंद्याला तो अंगरखा फार मोठा होता.

कागदावर काय हवं

हे सगळ्यांनाच लागू आहे, आणि यातच बहुतेक जण फसतात. पैसे दिले की लोगो आपला झाला, असं नसतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, नोकरीत नसलेल्या डिझायनरनं काढलेल्या लोगोचा पहिला मालक साधारणपणे तोच असतो. हक्क तुमच्या नावे यायला त्याच्या सहीचा लेखी कागद लागतो. त्या कागदात मुदत लिहिली नाही, तर हक्क फक्त पाच वर्षांसाठी मिळाला असं धरतात. प्रदेश लिहिला नाही, तर फक्त भारतापुरता. आमची नणंद दुबईत आहे आणि तिच्या मैत्रिणींकडून मेतकुटाला मागणी आहे, म्हणून आम्ही दोन्ही गोष्टी स्पष्ट लिहून घेतल्या. कोणत्याही चांगल्या डिझायनरला यात अपमान वाटत नाही. आमच्या फ्रीलान्सर मुलीनं तर मसुदा स्वतःच आणला होता.

ट्रेडमार्क, म्हणजे व्यापारचिन्ह, नोंदवायचं शुल्क वेगळं. त्यात माल प्रकारानुसार वर्गांत विभागलेला असतो. व्यक्ती किंवा लघुउद्योग म्हणून ऑनलाइन अर्ज केला तर एका वर्गाला ४,५०० रुपये. भाजणी आणि मसाले वर्ग ३० मध्ये, लोणची २९ मध्ये. म्हणजे आमचे दोन वर्गांचे ९,०००. नोंदणी दहा वर्षं चालते, मग नूतनीकरण. हा खर्च डिझाइनच्या बजेटमध्ये आधीच धरा, नाहीतर लोगो होतो आणि नोंदणी राहून जाते.

आणि एक गोष्ट पुण्यात आवर्जून सांगायला हवी. छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव किंवा चित्र केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय व्यापारचिन्हात वापरायला १९५० च्या कायद्यानं बंदी आहे. श्रद्धेनं वापरलं तरी नोंदणी अडते. आमच्या शेजारच्या ताकवाल्या काकांना हे लोगो छापून झाल्यावर कळलं.

पैसे आम्ही तीन हप्त्यांत दिले: कामाला सुरुवात होताना, पेन्सिलचा नमुना पसंत पडल्यावर, आणि शेवटचा सगळ्या फाइल हाती आल्यावर. तो शेवटचा हप्ता देण्याआधी जाऊबाई पेनड्राइव्ह घेऊन त्याच फ्लेक्सवाल्याकडे गेल्या, त्याच्या कॉम्प्युटरवर फाइल उघडायला लावली, दहा फुटांपर्यंत मोठी करून कडा पाहिल्या, आणि मग तिथूनच पैसे पाठवले.