दाढ काढावी की रूट कॅनाल करून राखावी? दंतवैद्यांशी बोलण्यापूर्वी

कोल्हापुरात कोणाची दाढ ठणकू लागली की ‘काढून टाक, एकदाची कटकट मिटेल’ असे सांगणारे कोणीतरी घरातच असते, आणि रात्रभर लवंगेच्या तेलाचा बोळा दाढेखाली धरून बसलेल्या माणसाला तो सल्ला पटतोही. सकाळी दंतवैद्य एक्स-रे दाखवून ‘रूट कॅनाल केले तर दाढ वाचेल’ असे म्हणतात, तेव्हा पहिली शंका खर्चाची येते आणि दुसरी अशी, की ही गरज दाढेची आहे की दवाखान्याची. ती शंका मनात ठेवून नुसती मान डोलावण्यापेक्षा विचारलेली बरी. त्यासाठी दोन्ही उपायांत नेमके काय घडते, हे माहीत असावे लागते.

दुखणे थांबवण्यापुरते पाहिले तर दोन्ही उपाय सारखेच गुणकारी आहेत. कीड दाढेच्या आतल्या नसेपर्यंत पोहोचली की साधे सिमेंट भरून भागत नाही. रूट कॅनालमध्ये ती सडलेली नस काढतात, मुळांतील नलिका साफ करून भरतात आणि वर कॅप बसवतात. दाढेला अशा तीन, कधी चार नलिका असतात, म्हणून काम एक ते तीन बैठकांत होते. दाढ काढणे मात्र बहुधा एकाच बैठकीत उरकते. दोन्हींत जागा सुन्न करण्याचे इंजेक्शन देतात, त्यामुळे ‘रूट कॅनाल फार दुखते’ ही ऐकीव भीती निर्णयात धरू नये.

खरा फरक नंतरच्या वर्षांत दिसतो. काढलेल्या दाढेच्या जागी जबड्याचे हाड हळूहळू झिजते, शेजारचे दात मोकळ्या जागेकडे कलतात आणि समोरच्या जबड्यातील दाढ, तिला टेकायला काही न उरल्यामुळे, आपल्या जागेवरून पुढे सरकते. मग माणूस एकाच बाजूने चावू लागतो. मटणाची नळी आणि उसाचे कांडे ज्याला सोडवत नाही, त्याला हे लवकर कळते. जागा भरायची ठरवली तर काढती कवळी स्वस्त पडते, पण ती रात्री काढून ठेवावी लागते. ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला कृत्रिम दात, पक्का बसतो, मात्र त्यासाठी शेजारचे दोन धडधाकट दात घासून बारीक करावे लागतात. इम्प्लांटमध्ये टायटॅनियमचा स्क्रू हाडात बसवतात आणि तो हाडाशी एकजीव होण्यास साधारण ३ ते ६ महिने लागतात. म्हणून दाढ काढण्याचा खर्च रूट कॅनालच्या खर्चाशी लावून पाहणे ही अर्धीच तुलना झाली. काढणे अधिक जागा भरणे, आणि रूट कॅनाल अधिक कॅप, असे दोन आकडे लेखी मागावेत. कॅपचे पैसे पुष्कळ ठिकाणी वेगळे धरतात, आणि ठणका थांबला म्हणून कॅप न बसवता राहणारे लोक काही महिन्यांनी तीच दाढ चिरलेली घेऊन परत येतात.

याचा अर्थ प्रत्येक दाढ राखावीच असा नाही. हिरडीच्या वर दाढेचा भाग पुरेसा उरला नसेल, मूळ उभे चिरले असेल किंवा हाड झिजून दाढ हलत असेल, तर रूट कॅनालवर पैसे घालणे मला पटत नाही. वाकडी उगवून वारंवार सुजणारी अक्कलदाढ काढावी, तिथे फार विचार नको. सत्तरीतील ज्या व्यक्तीच्या समोरच्या दाढा आधीच गेल्या आहेत, तिला ती एकटी दाढ चावण्यासाठी उपयोगी तरी पडते का, हेही विचारावे. डॉक्टरांना ‘ही दाढ तुमच्या घरातील कोणाची असती, तर तुम्ही काय केले असते?’ असे सरळ विचारण्यात काहीही गैर नाही.

मात्र डॉक्टरांनी नीट सांगावे असे वाटत असेल, तर आपणही काही लपवू नये. मधुमेह असल्यास शेवटचा साखरेचा रिपोर्ट सोबत न्यावा, कारण साखर आटोक्यात नसताना जखम उशिरा भरते आणि इम्प्लांट निकामी होण्याची शक्यता वाढते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती आपल्या मनाने बंद न करता डॉक्टरांना सांगावी. हाडे ठिसूळ झाली म्हणून आठवड्याची गोळी किंवा वर्षातून एकदा इंजेक्शन घेणाऱ्यांनी दाढ काढण्याआधी ते आवर्जून सांगावे, कारण अशा औषधांमुळे क्वचित जबड्याचे हाड भरून येत नाही. गरोदरपण असल्यास तेही सांगावे. आणि तंबाखू, मिशरी, मावा यांपैकी काही चालू असेल, तर सोबत आलेल्या नातेवाइकांना क्षणभर बाहेर बसवून का होईना, पण ते बोलावे. सिगारेट-तंबाखूमुळे काढलेल्या जागेतील रक्ताची गुठळी निसटून हाड उघडे पडू शकते, आणि ती कळ मूळच्या ठणक्यापेक्षा वाईट असते. तोंड पूर्वीइतके उघडत नसेल, किंवा दोन-तीन आठवड्यांत न भरणारा व्रण, पांढरा अथवा लाल चट्टा असेल, तर दाढेआधी तो दाखवावा.

फेऱ्यांचा हिशेबही इथे महत्त्वाचा आहे. चंदगडहून शंभर किलोमीटरहून अधिक अंतर तोडून येणाऱ्याला ऊसतोडीच्या दिवसांत तीन फेऱ्या जमत नाहीत आणि तो ‘हंगाम संपला की बघू’ म्हणतो. अशा वेळी एकाच लांब बैठकीत काम होईल का, किंवा नस काढून तात्पुरते सिमेंट भरून किती दिवस थांबता येईल, हे विचारावे. नवे पारगाव येथील दंत महाविद्यालयासारख्या ठिकाणी विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात. तिथे खर्च कमी लागतो, वेळ अधिक जातो.

औषधाच्या दुकानातून अँटिबायोटिक घेऊन दिवस ढकलणे हा मात्र तिसरा पर्याय नव्हे, कारण सडलेली नस गोळीने बरी होत नाही, फक्त काही दिवस गप्प बसते. गाल किंवा जबड्याखाली सूज वाढत असेल, ताप असेल, तोंड उघडत नसेल किंवा गिळताना, श्वास घेताना त्रास होत असेल, तर दाढ राखायची की काढायची हा प्रश्न बाजूला ठेवून त्याच दिवशी कोल्हापुरातील सीपीआरसारखे (छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय) मोठे रुग्णालय गाठावे.