जुनं घर घेऊन, दुरुस्त करून विकायचंय? वाडा, गुंठेवारी की सिडको

छत्रपती संभाजीनगर, लातूर, नांदेड या शहरांत जुनं घर घ्यायचं, नीट दुरुस्त करायचं आणि वर्षाच्या आत विकायचं, असा विचार करणारे बरेच जण भेटतात. हातात दहा-पंधरा लाख असतात, बाकीचं कर्ज काढायची तयारी असते आणि प्रश्न एकच असतो: कोणतं घर घेऊ? माझं मत आधीच सांगतो. पहिलाच व्यवहार असेल तर सिडकोचं (सरकारी नगरविकास महामंडळाचं) घर किंवा जुन्या अपार्टमेंटमधला फ्लॅट घ्या. वाडा आणि गुंठेवारीचं (शेतजमिनीचे तुकडे पाडून त्यावर बांधलेलं) घर स्वस्त दिसतं, पण ते का स्वस्त आहे हे कळल्याशिवाय इसार (आगाऊ रक्कम) देऊ नका.

जुन्या शहरातला वाडा

संभाजीनगरात गुलमंडी, औरंगपुऱ्याच्या गल्ल्यांत किंवा लातूर-नांदेडच्या जुन्या भागात असे वाडे अजून उभे आहेत. जाड भिंती, सागवानी खांब, वर माळवद: तुळया, त्यावर फळ्या, त्यावर पांढऱ्या मातीचा थर. जागा मोठी, बाजारपेठ दारात आणि चौरस फुटाला भाव कमी. पाहणारा लगेच भुलतो.

दुरुस्तीचा प्रश्न इथे दुसऱ्या नंबरवर येतो. पहिला प्रश्न सह्यांचा. आजोबांच्या नावावरचा वाडा, चार भाऊ, त्यांची मुलं पुण्यात, एक चुलत भाऊ परदेशात. आणि बहिणी? हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. "बहिणी काही म्हणणार नाहीत" हे तोंडी आश्वासन रजिस्ट्री ऑफिसात चालत नाही. एक तर खरेदीखतावर त्यांची सही हवी, नाही तर आधी नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवं. यात सहा महिने सहज जातात, आणि तोवर तुमचा इसार अडकून पडतो.

दुसरी गोष्ट मराठवाड्याच्या इतिहासातून आलेली आहे. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे जुने कागद उर्दूत सापडतात आणि कित्येक जमिनींच्या मुळाशी इनाम असतं. कुठे खिदमतमाश (सेवेबद्दल दिलेली), कुठे मदतमाश (चरितार्थासाठी दिलेली), कुठे देवस्थानाची जागा, कुठे वक्फची. 7/12 वर किंवा मालमत्ता पत्रकावर भोगवटादार वर्ग 2 (विकण्यावर सरकारी बंधन असलेली जमीन) असं दिसलं, तर सरकारच्या परवानगीशिवाय आणि नजराणा (त्यासाठीची सरकारी रक्कम) भरल्याशिवाय व्यवहार पुढे सरकवू नका. जुना खासरा आणि सेतवार (जमिनीची जुनी सरकारी दप्तरं) वाचता येणारा वकील गावात शोधा. त्याची फी जड वाटेल, तरी ती वाचवू नका.

वाड्यात भाडेकरू असेल तर विषय तिथेच थांबवावा असं मला वाटतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 जुन्या भाडेकरूला भक्कम संरक्षण देतो. कोर्टातली तारीख पे तारीख पहिल्या व्यवहारात कर्जाच्या पैशावर परवडत नाही. शिवाय विकास आराखड्यात समोरच्या गल्लीचं रुंदीकरण दाखवलं असेल, तर पुढची खोली तुमची राहणार नाही. नगररचना विभागातून भाग नकाशा काढून घ्या.

एवढं सगळं स्वच्छ निघालं, तर वाड्यासारखी मिळकत नाही हेही खरं. पण तो अनुभवी आणि सवड असलेल्या माणसाचा व्यवहार आहे.

गुंठेवारीचं घर

शेतजमिनीचे दीड-दोन गुंठ्यांचे तुकडे पाडले, बॉन्डवर (स्टॅम्प पेपरवर) विकले आणि त्यावर पक्की घरं उभी राहिली. संभाजीनगरात सातारा-देवळाईपासून कित्येक वसाहती अशाच वाढल्या. इथली बांधकामं तुलनेने नवी असतात, दुरुस्तीचा खर्च कमी येतो आणि मालक सहसा एकच असतो. वाड्यापेक्षा हे सोपं वाटतं.

अडचण विकताना येते. नोटरी केलेल्या बॉन्डने मालकी मिळत नाही. नुसत्या मुखत्यारपत्रावर केलेली विक्री म्हणजे मालकी हक्काचं हस्तांतरण नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्येच स्पष्ट केलं आहे. अशा घरावर बँका सहसा कर्ज देत नाहीत, म्हणजे तुमचं घर घेणारा फक्त रोख पैसेवाला. तो भाव पाडून मागतो, आणि व्यवहारातला मोठा भाग रोखीत करायचा आग्रह धरतो. मिळकतीच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेतली, तर तेवढीच रक्कम दंड म्हणून भरावी लागू शकते. मागाहून "सगळे असंच करतात" म्हणून उपयोग नाही.

नियमित झालेलं घर मात्र वेगळं. गुंठेवारीचा कायदा 2001 चा. आधी 1 जानेवारी 2001 पर्यंतची बांधकामं त्यात बसत, 2021 च्या दुरुस्तीने ती मुदत 31 डिसेंबर 2020 पर्यंत आणली. महापालिकेत शुल्क भरून नियमितीकरणाचं प्रमाणपत्र मिळालेलं असेल, तर गिऱ्हाइकाला कर्जाचा मार्ग मोकळा होऊ शकतो आणि भावही सुधारतो. कुणी सुचवेल की अनियमित घर स्वस्तात घ्या, स्वतः नियमित करून घ्या आणि चढ्या भावाने विका. हिशेब चुकीचा नाही, पण फाईल किती महिन्यांत हलेल हे तुमच्या हातात नसतं. व्याज भरणाऱ्याने यात पडू नये.

सिडकोचं घर, जुना फ्लॅट

संभाजीनगरात एन-सेक्टरांची वसाहत सिडकोने वसवली, नांदेडलाही सिडको-हडको आहे. रस्ते आखलेले, प्लॉटची हद्द ठरलेली आणि कागदांची साखळी एका फाईलीत. इथे जमीन सहसा भाडेपट्ट्याची असते, म्हणून नाव बदलताना सिडकोची परवानगी आणि हस्तांतरण शुल्क लागतं. मागचं एखादं हस्तांतरण कागदावर झालेलंच नाही, असंही निघतं. मूळ वाटपपत्रापासून आजच्या मालकापर्यंतची प्रत्येक कडी हातात घेऊन बघा.

या घरांची खरी गोम वाढीव बांधकामात असते. छोट्या प्लॉटवर पुढे दुकानाचा गाळा, मागे खोली, वर एक मजला, आणि मंजूर नकाशात यातलं काहीच नाही. पुढच्या गिऱ्हाइकाच्या बँकेचा मूल्यांकनवाला मंजूर नकाशाप्रमाणे किंमत धरतो. म्हणून वरच्या मजल्याचे पैसे मोजण्याआधी मंजूर नकाशा मागा.

फ्लॅट घेत असाल तर भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचं), डीड ऑफ डिक्लरेशन (अपार्टमेंटचं नोंदणीकृत घोषणापत्र) किंवा सोसायटीचा भागदाखला, आणि मेंटेनन्स थकलेला नसल्याचा दाखला बघा. तेवढं पुरे.

घर बघायला श्रावणाच्या आसपास जा, चांगला पाऊस होऊन गेल्यावर. उन्हाळ्यात नुकताच रंग मारलेली भिंत काही सांगत नाही. पावसाळ्यात बाथरूमच्या पलीकडच्या खोलीत खाली वाकून बघा: गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत रंगाचे पोपडे आणि बोटाला लागणारी पांढरी भुकटी दिसली, तर भिंतीला लोणा लागलाय. त्यावर पुट्टी मारून भागत नाही, गिलावा खरवडून पाण्याची वाट बंद करावी लागते. स्लॅबला खालून हलक्या हाताने ठोका. आवाज पोकळ आला किंवा तांबूस डाग दिसले, तर आत सळई गंजलेली असू शकते. आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी जाणारी, नाणं आत जाईल एवढी भेग दिसली, तर पाया काळ्या मातीत आहे का ते विचारा. ही माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, घर तिच्याबरोबर हलतं. अशा घराला आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर दाखवा, मिस्त्रीचा अंदाज पुरत नाही.

पैशांचा हिशेब

समजा 30 लाखांचं सिडकोचं घर घेतलं. महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क साधारण 6 टक्के, म्हणजे 1 लाख 80 हजार. नोंदणी फी 30 हजार. दलाली एक टक्का धरली तर आणखी 30 हजार. गळती, वायरिंग, बाथरूम, किचन ओटा, फरशी, रंग मिळून 4 लाख. 20 लाखांच्या कर्जावर 9 टक्क्यांनी आठ महिन्यांचं व्याज 1 लाख 20 हजार. विकताना पुन्हा दलाली, 40 हजारांच्या घरात. बेरीज 38 लाख. सिडकोचं शुल्क आणि वकिलाची फी यात धरलेली नाही.

म्हणजे 30 ला घेतलेलं घर 38 ला विकलं तरी हातात काही उरत नाही. 41 ला गेलं तर तीन लाख, आणि त्यावर कर. दोन वर्षांच्या आत विकलं तर नफा तुमच्या उत्पन्नात मिळवून तुमच्या स्लॅबप्रमाणे कर लागतो. दोन वर्षांहून जास्त ठेवलं तर 12.5 टक्के. वरचेवर असे व्यवहार केले तर आयकर खातं तो धंदा धरू शकतं. घर सुधारण्याचा खर्च नफ्यातून वजा करता येतो, पण बिल हवं. गवंड्याला दिलेले पैसेसुद्धा बँकेतून द्या.

खरेदी बायकोच्या किंवा आईच्या एकटीच्या नावावर केली, तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. या उदाहरणात ते 30 हजार वाचतात. पूर्वी असं घर पंधरा वर्षं पुरुषाला विकता येत नसे, ती अट 2023 मध्ये निघाली. त्यामुळे सवलत आता या धंद्यातही उपयोगी पडते.

खर्च कुठे करायचा, तर पाणी आणि गळती. आपल्याकडे नळाला कितव्या दिवशी पाणी येतं हे गिऱ्हाईक आधी विचारतं. लातूरने 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने आलेलं पाणी पाहिलं आहे. तिथला माणूस हौद किती लिटरचा, बोअर किती फुटांचा, हे विचारूनच वर चढतो. मोठा हौद आणि गच्चीवरच्या दोन चांगल्या टाक्या पीओपीच्या छतापेक्षा जास्त पैसे परत देतात.

कोणत्या शहरात

माझा कल तुमच्या स्वतःच्या शहराकडे. रोज साईटवर जाता येत नसेल तर मिस्त्री आठवड्यातून तीन दिवस येतो. तरी फरक सांगायचा तर संभाजीनगरात शेंद्रा-बिडकीन आणि समृद्धी महामार्गामुळे बाहेरचं गिऱ्हाईक येतं, पण भावही आधीच चढलेले आहेत. लातुरात शिकवणीच्या भागाजवळच्या दोन खोल्यांच्या घराला मागणी असते. नांदेडला घर विकायला थोडा धीर लागतो. कुठेही असाल, पितृपक्षात गिऱ्हाइकाची वाट बघू नका. सोयाबीन-कापसाचा पैसा हातात आल्यावर, दिवाळीनंतर, खेड्यातली मंडळी मुलांच्या शिक्षणासाठी शहरात घर बघायला निघतात. काम तोवर संपलेलं असलं पाहिजे.

आणि घर वेळेत विकलं गेलं नाही तर? दुरुस्त केलेला सिडकोचा किंवा लातुरातला फ्लॅट अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर देता येतो, करार नोंदवून. भाड्यातून हप्ता पूर्ण निघणार नाही, पण व्याजाचा मोठा भाग निघेल आणि दोन वर्षांची मुदत ओलांडली तर कराचा दरही बदलेल. नियमित न झालेल्या गुंठेवारीच्या घरालाही भाडेकरू मिळतो. अर्धवट उकरलेल्या वाड्याला मात्र मिळत नाही, आणि त्याचा हप्ता तुमच्या पगारातूनच जातो.