नाकतोड्याचं ‘जैविक’ औषध विकून आमच्या गावाला लुबाडलं, तुमच्याकडं आला तर सावध राहा

वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी, आष्टी, कारंजा या पट्ट्यात ज्यांची गुरं ई-क्लासवर, म्हणजे गावाच्या सरकारी चराऊ जमिनीवर चरतात, त्यांच्यासाठी मुद्दाम लिहितोय. दिवाळीच्या आगेमागे कोणी नाकतोड्याचं ‘जैविक’ औषध घेऊन गावात आला, तर त्याच्या हातावर एक रुपयाही टेकवू नका. आमच्या गावातून त्यानं दोनदा पैसे नेले, वर शेळ्याही गेल्या.

त्या वर्षी पोळ्यानंतर आमच्या ई-क्लासवर नाकतोडा मातला होता. पवन्या, मारवेल, कोणतंच गवत म्हणून ठेवलं नाही, नुसत्या काड्या उभ्या. गवळाऊ गाई चरायला जायच्या आणि रिकाम्या पोटी परत यायच्या. ऐन हंगामात कुटार, म्हणजे सुका चारा विकत घ्यायची पाळी आली, तेव्हा लोक कोणताही उपाय करायला तयार होते. नेमका तेव्हाच हा माणूस आला. गोड बोलणारा, कपड्यावर कंपनीचं नाव छापलेलं.

“काका, 2020 ची टोळधाड आठवते ना? त्याच टोळांची अंडी जमिनीत राह्यली होती, त्यातून हे निघाले. औंदा नाही मारले तं पुढच्या साली कपाशी-तूर बी खातील.”

ही पहिली थाप. मे 2020 मध्ये मध्य प्रदेशातून अमरावती, वर्धा, नागपूरकडं उतरला तो वाळवंटी टोळ. तो थव्यानं येतो, खातो आणि पुढं जातो. आपल्या गवतावरचा नाकतोडा इथलाच, वेगळ्या जातीचा. पण टोळधाडीचं नाव काढलं की माणूस घाबरतो, हे त्याला पक्कं माहीत होतं.

मग त्यानं पारावर प्रयोग दाखवला. पारदर्शक बरणीत गवताचा झुपका टाकला, वर चिमूटभर करडी पावडर भुरभुरली, आमच्याच पोरांनी पकडून आणलेले नाकतोडे आत सोडले आणि झाकण लावलं. चहा होईस्तोवर नाकतोडे उताणे पडून तंगड्या झाडायला लागले. “ही बुरशी आहे, विष नाही. अमेरिकेतल्या कुरणांवर हेच वापरतात. गुरांनी खाल्लं तरी काही होत नाही.” गुरामागे शंभर, शेळीमागे तीस असे पैसे ठरले. निम्मे लगेच आणि निम्मे नाकतोडा गेल्यावर. दोन वर्षांत परत दिसला तर पैसे वापस.

आता हे नीट वाचा. कीड मारणारी बुरशी खरोखर असते, मेटारायझियम तिचं नाव. पण ती किड्याच्या अंगावर रुजते, आत शिरते आणि मग त्याला मारते. त्याला आठवडा-दीड आठवडा लागतो, हवेत ओलावाही लागतो. चहाच्या वेळात किडा उताणा पडला, म्हणजे त्या पावडरीत रासायनिक विष आहे.

त्यानं ती पावडर कोंड्यात आणि गुळात कालवून ई-क्लासवर फेकायला लावली. गुळाच्या वासानं शेळ्या तुटून पडल्या. संध्याकाळी त्यांच्या तोंडाला फेस, लाळ थांबेना, पाय लटपटायला लागले. पशुवैद्यकांनी विषावर उतारा म्हणून ॲट्रोपिनची इंजेक्शनं दिली म्हणून बऱ्याच वाचल्या. ज्या एकट्या म्हातारीचं घर दोन शेळ्यांवर चालायचं, तिच्या दोन्ही मेल्या. फोन केला तर हा म्हणतो, कपाशीवर फवारलेलं खाल्लं असेल. त्या दिवसांत कपाशीवर फवारे चालूच असतात, त्यामुळं लोकांना ते खरं वाटलं. 2017 मध्ये फवारणीच्या विषबाधेनं यवतमाळ जिल्ह्यात माणसं गेली. त्याच विदर्भात कोणी बिनलेबलचं विष गुरांच्या चाऱ्यावर फेकायला लावतो, हे आठवलं की आजही माझा जीव जळतो.

थंडी पडली आणि नाकतोडा दिसेनासा झाला. तो येऊन उरलेले पैसे घेऊन गेला. त्याचा सगळा धंदा या एका गोष्टीवर चालतो. गवतावरच्या या नाकतोड्याची वर्षाला एकच पिढी. पहिल्या पावसानंतर अंड्यांतून पिल्लं निघतात, कात टाकत टाकत वाढतात, पावसाळा सरता सरता मादी जमिनीत अंडी घालते आणि थंडीत मोठे नाकतोडे आपोआप मरतात. पावडर टाका, नाहीतर राख टाका, तेव्हा ते मरणारच. पुढच्या जूनमध्ये बारीक, बिनपंखांची पिल्लं उड्या मारायला लागली, आणि त्याचा फोन बंद.

कृषी विज्ञान केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी नंतर समजावलं, ते तुम्हालाही सांगतो. उपाय करायचा तो जून-जुलैत, पिल्लं लहान आणि एका जागी असताना. अमेरिकेत वायोमिंग राज्याकडं पिल्लांच्या अवस्थेतच, मधले पट्टे कोरे सोडून फवारतात. तिथलं डायफ्लुबेंझुरॉन हे औषध किड्याला नवी कात धरू देत नाही, म्हणून पंख फुटलेल्या नाकतोड्यावर ते वाया जातं. आपल्याकडं बांध उन्हाळ्यात खणून अंडी उघडी पाडता येतात, उन्हानं आणि साळुंक्यांनी ती संपतात. ई-क्लास नांगरता येत नाही, पण काही भाग आळीपाळीनं चराईला बंद ठेवता येतो. आम्ही या वर्षी तेच धरलंय.

1968 च्या कीटकनाशक कायद्यानुसार डब्यावर नोंदणी क्रमांक, बॅच, तयार केल्याची आणि संपण्याची तारीख, विष किती जहाल ते सांगणारा रंगीत त्रिकोण आणि विषबाधेवरचा उतारा छापलेला असावा लागतो, विकणाऱ्याकडं परवाना लागतो. त्याच्या पाकिटावर चिकटवलेल्या कागदावर गाईचं चित्र आणि ‘100% सेंद्रिय’ एवढंच होतं. बिल मागितलं तर म्हणाला, ऑफिसातून येईल.

आम्ही तालुका कृषी कार्यालयात तक्रार दिली, पण आमच्याकडची पाकिटं फोडलेली, आणि तपासणीला नमुना सीलबंद लागतो. हा माणूस अजून कुठंतरी फिरतोय. तुमच्या गावात त्याचं न फोडलेलं पाकीट कोणाकडं पडून असेल, तर ते उघडू नका, गुरांपासून लांब ठेवा आणि तसंच तालुका कृषी अधिकाऱ्यांकडं नेऊन द्या. कोणाकडं न्यायचं कळत नसेल तर किसान कॉल सेंटरला 1800-180-1551 वर विचारा.