केबल लॉक: फुकट मिळतं, पण नीट लावलं तरच

अमेरिकेत घरी पिस्तूल असेल तर हे कुलूप बरेचदा खोक्यातच मिळतं. काही पोलीस ठाणी फुकटही देतात. प्लॅस्टिकचं आवरण असलेली हातभर पोलादी तार, टोकाला छोटं कुलूप, दोन किल्ल्या. बस.

आधी मॅगझीन (मुठीत बसणारी गोळ्यांची पेटी) काढा, मग स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे ओढून अडकवा. चेंबर, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाची गोळी बसायची जागा, डोळ्यांनी पाहा, बोट घालूनही तपासा. मॅगझीन काढलं तरी चेंबरमध्ये एक गोळी उरू शकते आणि घात तिथेच होतो. तार स्लाइडवरच्या उघड्या खिडकीतून आत घालून मॅगझीनच्या पोकळीतून खाली काढा, मग कुलूप. आता स्लाइड पुढे जात नाही, मॅगझीन बसत नाही. तार नुसती ट्रिगरभोवती गुंडाळणारे महाभाग आहेत. त्यापेक्षा न लावलेलं बरं, निदान खोटा भरवसा तरी नाही.

चोरापुढे मात्र हे कुचकामी. मोठ्या कटरने तार सहज तुटते. लहान मुलांसाठी ठीक, तेही किल्ली त्याच ड्रॉवरमध्ये नसेल तर. गोळ्या वेगळ्या कुलपात.

‘रात्री वेळ आली तर?’ हा बंदूक हक्कवाल्यांचा प्रश्न रास्त आहे. २००८ च्या हेलर निकालात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने राजधानी वॉशिंग्टनची घरातली बंदूक सदैव सुटी करून किंवा ट्रिगरला कुलूप लावून ठेवण्याची सक्ती रद्द केली, ती स्वसंरक्षणाच्याच मुद्द्यावर. अशांनी बोटाच्या ठशाची छोटी तिजोरी घ्यावी, पण ठसा नोंदवल्यावर घरातल्या दुसऱ्याचं बोट लावून बघावं. कुणाच्याही बोटाने उघडतात म्हणून २०२३ मध्ये सुमारे ६१,००० तिजोऱ्या परत मागवाव्या लागल्या होत्या.