एल्कच्या शिकारीला गोळी कुठली, कॉपर की शिसं?

आपल्याकडे १९७२ च्या कायद्यापासून शिकार बंद, तेव्हा हे सगळं अमेरिकेतलं. थर्टी-ऑट-सिक्स ही तिकडची नेहमीची शिकारी रायफल आणि समोर एल्क, म्हणजे मोठं हरीण, धरून चाला.

शिशाची गोळी स्वस्त, दुकानात सहज मिळते, आणि लांबून मारली, वेग कमी झाला तरी बऱ्यापैकी फुलते, म्हणजे आत लागल्यावर पसरते. पण ती फुटते ना, प्रश्न तिथेच आहे. एक्स-रे काढला तर जखमेपासून बरंच लांब, मांसात बारीक बारीक पांढरे ठिपके दिसतात, ते शिसं, आणि तेच मांस घरी पोरं खाणार. आतडी वगैरे जंगलात टाकून येतात ती गिधाडं खातात, कॅलिफोर्नियाचे काँडोर, म्हणजे तिकडची मोठी गिधाडं, बरेचदा त्यानेच मरतात. १९८७ ला जंगलात एकही काँडोर उरला नव्हता, मोठ्या कष्टाने परत वाढवलेत. म्हणून कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी बंदच आहे.

कॉपरची गोळी तुटत नाही, पुढचं टोक पाकळ्यांसारखं उघडतं, वजन जवळपास तेवढंच राहतं, त्यामुळे खांद्याच्या हाडातूनही आरपार जाते. तांबं हलकं, म्हणून त्याच वजनाची गोळी लांब होते, सो १८० ग्रेनऐवजी (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) १५० किंवा १६५ घ्या, वेगही मिळेल. वेग लागतोच हिला, फार लांबून मारली तर नीट उघडत नाही. महाग आहे हे खरं, आणि रायफल नव्याने झिरो करावी लागते, म्हणजे नेम पुन्हा जुळवावा लागतो.

माझं मत कॉपरच. अंतर आवाक्यात ठेवा, नसेल तर थोडं जवळ जा.