आठ दिवसांचे व्हिएतनाम : राजारामपुरीतील एका सहल कंपनीचा अनुभव

कोल्हापूरच्या राजारामपुरीत कार्यालय असलेल्या एका स्थानिक सहल कंपनीबरोबर आम्ही उभयता नोव्हेंबर २०२४ मध्ये, दिवाळी आटोपताच, व्हिएतनामला जाऊन आलो. गटात एकतीस जण होते, बहुतेक कोल्हापूर, इचलकरंजी आणि निपाणीकडचे. माणशी एक लाख बारा हजार रुपये, त्यावर पाच टक्के जीएसटी आणि पाच टक्के टीसीएस (परदेशी सहलीच्या रकमेवर आगाऊ घेतला जाणारा आयकर) असा हिशेब होता. टीसीएसची रक्कम विवरणपत्र भरताना वळती करून घेता येते, हे बुकिंगच्या टेबलावरच न विचारता समजावून सांगण्यात आले, आणि कागदपत्रांच्या बाबतीत ही कंपनी शेवटपर्यंत तितकीच चोख राहिली.

आम्हाला खरे तर युरोपला जायचे होते. परंतु युरोपातील बहुतेक देशांसाठी लागणाऱ्या सामाईक शेंगेन व्हिसाचे शुल्क जून २०२४ पासून नव्वद युरो झालेले, बोटांचे ठसे देण्यासाठी वेळ मिळण्याची मारामार, आणि एवढे करूनही नकार आला तर शुल्क बुडालेच. व्हिएतनामचा ई-व्हिसा मात्र घरबसल्या, पंचवीस डॉलरमध्ये मिळतो; ऑगस्ट २०२३ पासून तर तो सर्व देशांच्या नागरिकांसाठी नव्वद दिवसांपर्यंतचा झाला आहे. कंपनीच्या मालकांनी हे सारे सांगून झाल्यावर जे वाक्य उच्चारले, ते मला संपूर्ण सहलीत पुन्हा पुन्हा आठवत राहिले : "देश आधी ठरत नाही वो सर, आधी सीटा ठरतात."

त्यात तथ्य आहे : विमानांत आणि हॉटेलांत जागा जिथे मोकळी असते, तिकडे सहली वळतात. १९५० साली जगभरात सुमारे अडीच कोटी आंतरराष्ट्रीय पर्यटक नोंदले गेले आणि त्यांतील नव्वद टक्क्यांहून अधिक युरोप व अमेरिका खंडांतच फिरले. २०१९ मध्ये हा आकडा १४६ कोटींच्या घरात गेला, तेव्हा आशिया-पॅसिफिकचा वाटा जवळपास चतुर्थांश झाला होता. युरोप आजही निम्म्याहून अधिक पर्यटक खेचतो, पण आग्नेय आशियाने आपली हॉटेले आणि विमानतळ मुख्यतः चिनी पाहुण्यांच्या भरवशावर वाढवले होते, आणि चीनच्या सीमा कोविडमुळे जानेवारी २०२३ पर्यंत बंद राहिल्याने ती रिकामी पडली. रिकाम्या खोल्या भरायला मग भारतीय आठवले. थायलंडने नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि मलेशियाने त्याच डिसेंबरात आपल्याला व्हिसातून सूट दिली, व्हिएतनामी विमान कंपनीने मुंबईहून थेट उड्डाणे सुरू केली, आणि २०१९ मध्ये व्हिएतनामला गेलेल्या भारतीयांची संख्या पावणेदोन लाखांच्याही आत होती, ती २०२४ मध्ये पाच लाखांवर पोहोचली. आमचा एकतीस जणांचा गट हा त्या पाच लाखांचा एक बारीकसा तुकडा होता.

जाहिरातीतल्या "आठ दिवस सात रात्री" या हिशेबात कोल्हापूर ते मुंबई हा बसचा रात्रभराचा प्रवासही धरलेला असतो, हे इच्छुकांनी आधीच लक्षात घ्यावे. कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरून परदेशी विमान नाही, आणि महामार्गाच्या रुंदीकरणामुळे ठिकठिकाणी वळणरस्ते होते. त्यामुळे आमचा पहिला दिवस साताऱ्याच्या अलीकडेच झिजला. बस स्वच्छ होती, चालक सभ्य होता, तक्रार फक्त त्या मोजणीची आहे.

जेवणाबाबत या कंपनीचा लौकिक खरा आहे. दुपारी-रात्री भारतीय हॉटेल ठरलेले, शिवाय टूर मॅनेजरच्या पेटीत भडंग आणि शेंगदाण्याची चटणी. गटातील वयस्कर मंडळी यावर अतिशय खूश होती आणि ते रास्तच आहे. मात्र ज्याला तिथले अन्न चाखायचे आहे त्याची यात सोय नाही. हनोईच्या हॉटेलात सकाळच्या न्याहारीला 'फो' या तिथल्या शेवयांच्या सूपचे पातेले असे, तेवढीच काय ती संधी. इचलकरंजीच्या एका काकांनी वाडग्यात तिथल्या लाल मिरचीचे चार चमचे ओतून त्याचा तांबडा करून टाकला आणि पुढचे दोन दिवस नेमाने तोच प्याले.

हा लाँग उपसागराचा दिवस सर्वांत नीट आखलेला होता. चुनखडीची सुमारे सोळाशे बेटे समुद्रातून उभी राहिलेली, १९९४ पासून युनेस्कोच्या यादीत असलेली ही जागा बोटीतून संथपणे पाहायची असते आणि कंपनीने ती तशी पाहू दिली. त्यातील एका बेटाला गेर्मान तितोव्ह या सोव्हिएत अंतराळवीराचे नाव आहे, ही माहिती स्थानिक गाईडने दिली. आमच्या टूर मॅनेजरला ती नवीन होती. परंतु हनोईहून तेथे जाताना वाटेत "स्थानिक हस्तकला केंद्र" या नावाखाली मोत्यांच्या दुकानात आम्हाला पाऊण तास बसवून ठेवले. दुकानदाराकडून मिळणारे कमिशन हा कमी दराच्या सहलींचा एक आधार असतो, हे समजण्यासारखे आहे. पण मग ते पत्रकात सरळ लिहावे.

माझी मुख्य तक्रार मध्य व्हिएतनामबद्दल आहे. दा नांगजवळच्या बा ना हिल्सवर आम्हाला साडेचार तास मिळाले. फ्रेंचांनी विसाव्या शतकाच्या आरंभी थंड हवेसाठी वसवलेले हे डोंगरमाथ्याचे ठिकाण आता रज्जुमार्ग, नकली फ्रेंच गाव आणि २०१८ मध्ये खुला झालेला, दोन अजस्र हातांनी तोललेला सोनेरी पूल यांनी भरले आहे. रज्जुमार्ग विलक्षण आहे, यात वाद नाही. आमच्या आजूबाजूला कोरियन इतके होते की फलकही कोरियनमध्ये दिसत. दक्षिण कोरिया हाच २०२४ मध्ये व्हिएतनामचा सर्वांत मोठा ग्राहक होता, आणि दा नांगला कोरियातलेच एक शहर म्हणण्याची थट्टा तिकडे रूढ आहे.

होइ आनला मात्र पावणेदोन तास, तेही पावसात. थू बॉन नदीच्या मुखाजवळचे हे जुने व्यापारी बंदर. नदी गाळाने भरत गेली, व्यापार दा नांगला सरकला, आणि नवे काही बांधायला पैसाच न उरल्यामुळे जुनी घरे वाचली. दुर्दैवाने राखलेले आणि पर्यटनाने पुन्हा श्रीमंत केलेले असे गाव मी दुसरे पाहिलेले नाही. ऑगस्टमध्येच दुरुस्ती पूर्ण झालेला जपानी पूल आम्ही छत्रीखालून पाहिला आणि कंदील लागण्याच्या वेळेला बस सुटली. आपल्याकडे तामिळनाडूत जसा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पाऊस पडतो, तसा मध्य व्हिएतनामचा सर्वाधिक पाऊसही याच दोन महिन्यांत असतो, आणि तेव्हा होइ आनच्या गल्ल्यांत नदीचे पाणी शिरणे ही तिथे नेहमीची गोष्ट आहे. उत्तरेत त्याच वेळी हवा कोरडी व सुखद असते. म्हणजे दिवाळीची सहल उत्तरेपुरती आखली असती आणि मधला भाग फेब्रुवारी-मार्चसाठी ठेवला असता, तर त्याच पैशांत सहल अधिक चांगली झाली असती. पण शाळांना सुट्टी दिवाळीत असते, आणि सीटा आधी ठरतात.

हो चि मिन्ह सिटी व कू चीची युद्धकाळातली भुयारे हा अखेरचा टप्पा नीट पार पडला. त्याबद्दल विशेष लिहिण्यासारखे काही नाही.

परतल्यावर अभिप्राय अर्जात मी दोन सूचना लिहिल्या : होइ आनला एक रात्र मुक्काम द्यावा आणि दुकानाच्या थांब्याचा स्पष्ट उल्लेख करावा. परवा कामानिमित्त त्या कार्यालयात गेलो होतो. मे २०२५ च्या भारत-पाकिस्तान संघर्षात अझरबैजानने पाकिस्तानची बाजू घेतल्यानंतर भिंतीवरचे त्याच्या राजधानीचे, बाकूचे, पोस्टर उतरले होते, त्या जागी कझाकस्तानातले अल्माटी आले होते. शेजारी जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या पन्हाळ्याचे एक छोटे चित्रही लागले होते, जे तिथे यापूर्वी कधी नव्हते. व्हिएतनामचे यंदाचे पत्रक मागून घेतले. निघण्याची तारीख पुन्हा दिवाळीनंतरचीच आहे आणि होइ आनचे पावणेदोन तास तसेच आहेत, मात्र दुसऱ्या दिवसाच्या रकान्यात "मोत्यांच्या दुकानास भेट, पाऊण तास" असे आता स्वच्छ छापले आहे.