स्पार्कच नव्हता, तरी गाडीतला पेट्रोल पंप बदलला: 10,500 रुपयांची फसवणूक

माझी जुनी प्रीमियर पद्मिनी कार गरम झाली की सुरू होत नव्हती. एवढ्या एका तक्रारीवर जिल्ह्याच्या गावातल्या गॅरेजवाल्यानं 10,500 रुपये घेतले आणि गाडी होती त्याहून वाईट करून दिली. पक्कं बिल नाही, काढलेले भाग परत नाहीत. ठिणगीसाठी प्रवाह चालू-बंद करणारे यांत्रिक पॉइंट काढून त्या जागी इलेक्ट्रॉनिक किट बसवलेल्या जुन्या गाड्या विदर्भात अजून बऱ्याच जणांकडे आहेत, मे महिन्यात त्यांचं दुखणंही हेच असतं, म्हणून लिहितो आहे.

लक्षण ठरलेलं. सकाळी एका सेल्फात चालू. बाजारात दहा मिनिटं बंद ठेवली की स्टार्टर जोरात फिरतो, पण इंजिन उचलत नाही. पाऊण तास बॉनेट उघडं ठेवलं की पुन्हा चालू. इंजिन बंद केलं की पंखा आणि पाणी दोन्ही थांबतं, ब्लॉकची उष्णता मात्र वर चढत राहते. म्हणून बंद केल्यानंतरची दहा-पंधरा मिनिटं डिस्ट्रिब्युटर (ठिणगी प्रत्येक प्लगला वाटणारा), कॉइल (ठिणगीसाठी जास्त व्होल्ट तयार करणारी) आणि मॉड्यूल (कॉइलचा प्रवाह चालू-बंद करणारा किटचा भाग) चालत्या गाडीपेक्षा जास्त तापतात.

ज्या क्षणी हात धरायला हवा होता तो क्षण अजून डोळ्यासमोरून जात नाही. गाडी टोचन करून 32 किलोमीटर आणली, त्याचे 800 रुपये वेगळेच. तिथे तासभर थांबल्यावर ती चालू झाली, म्हणून त्यानं फेरी मारून गरम केली आणि पुन्हा बंद पाडली. मग प्लगची वायर ब्लॉकजवळ धरून सेल्फ मारला. ठिणगी नाही. दोनदा मारला, दोनदाही नाही. आणि तो म्हणाला, "भाऊ, पंप गेला, पेट्रोल उकळून रायलं." ठिणगी नाही म्हणजे दोष इग्निशनमध्ये, ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेत, पेट्रोलचा तिथे संबंधच नाही! हे माहीत असूनही मान हलवली गेली. 45 डिग्रीचं ऊन, परत न्यायला दुसरं वाहन नाही, इलेक्ट्रॉनिक किटला हात लावणारा दुसरा मिस्त्री जवळ नाही. अशा वेळी जाणकार माणूसही गप्प बसतो. तरी लाज वाटायची ती वाटतेच.

हिशेब असा: पेट्रोल पंप 1,350, कार्बोरेटर किट 1,200, कॉइल 1,650, "नवा" मॉड्यूल 4,800, मजुरी 1,500. मॉड्यूलच्या स्क्रू बसतात त्या कानांवर जुन्या स्क्रूचे घासलेले वण होते, वरून काळा रंग मारलेला. खाली पांढरी हीटसिंक पेस्ट नाही, कोरडाच पत्र्यावर आवळलेला. पेस्ट नसेल तर उष्णता पत्र्यात उतरत नाही आणि मॉड्यूल आतल्या आत शिजतो. गाडी ताब्यात दिली सकाळी आठला, थंड. थंड गाडी चालू करून दाखवणं म्हणजे काहीच दाखवणं नाही. वीस मिनिटं चालवा, दहा मिनिटं बंद ठेवा, मग सेल्फ मारायला लावा, त्यानंतर खिशात हात घाला.

कॉइलचा घोटाळा घरी मीटर लावल्यावर कळला. किटच्या कागदावर कॉइलच्या प्रायमरी गुंडाळीचा रेझिस्टन्स 3 ओहम लिहिलेला. यानं बसवली 1.5 ओहमची, जी बॅलास्ट रेझिस्टरसोबत (प्रवाह कमी ठेवणारा जादा रेझिस्टर) चालते, आणि बॅलास्ट लावलाच नाही. 12 व्होल्टला 4 अँपिअरच्या जागी 8 अँपिअर. आधीच कोरडा बसवलेला मॉड्यूल त्यात किती टिकणार?

मूळ दोष डिस्ट्रिब्युटरमधल्या पिकअपमध्ये, म्हणजे ठिणगी कधी पाडायची याचा इशारा मॉड्यूलला देणाऱ्या भागात होता. ठिणगीची वेळ मागेपुढे करणारी व्हॅक्यूम ॲडव्हान्सची प्लेट हलते तशी पिकअपची बारीक वायर प्रत्येक वेळी वाकते, इन्सुलेशनच्या आत तुटते, आणि तापली की टोकं सुटतात. थंड असताना मीटर 600 ओहमच्या आसपास दाखवायचा, हेअर ड्रायरनं तापवल्यावर सर्किट उघडं, म्हणजे वायर तुटलेली. दहा मिनिटांचं काम.

वायर उघडी धरून ठिणगी बघू देऊ नका, इलेक्ट्रॉनिक किटमध्ये त्यानं मॉड्यूल जाऊ शकतो. जादा प्लग वायरला लावून इंजिनच्या धातूला टेकवा. गरम असताना निळी ठिणगी पडली तरच पेट्रोलकडे वळा: ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा, पंपासारखा मारू नका, आणि सेल्फ मारा. ठिणगी नसेल तर सेल्फ मारताना कॉइलच्या प्लसवर व्होल्ट बघा. साडेनऊच्या खाली जात असेल तर आधी बॅटरी आणि अर्थिंगची वायर बघा. ते ठीक असेल तर पिकअप, आणि शेवटी मॉड्यूल. मॉड्यूलवर ओलं फडकं ठेवून, कनेक्टर कोरडा ठेवून, पाच मिनिटांत ठिणगी परत आली तर दोष त्याचाच.

पैसे परत मागितले तर उत्तर, "गाडी तं चालू करून देल्ली ना, मंग काय पायजे?"

पोलीस ठाण्यात तीन चकरा. पहिल्यांदा साहेब बंदोबस्ताला, दुसऱ्यांदा "हा दिवाणी मामला", तिसऱ्यांदा "बिल आणा". बिल न देणं हीच तर तक्रार! तोच कागद तक्रार घ्यायची अट कसा होतो? लेखी अर्ज दिला तर पोच द्यायला नकार. परिवहन कार्यालयात सांगितलं, गॅरेज आमच्याकडे येत नाही. ग्राहक हेल्पलाइननं तक्रार नोंदवली आणि "दुकानदाराशी संपर्क होत नाही" म्हणून बंद केली, दुकान रोज नऊला उघडतं तरी. प्रत्येक टेबलावर माणूस बसलेला, प्रत्येकाचं बोट पुढच्या टेबलाकडे. चकरांचंच पेट्रोल 1,140 रुपयांचं झालं.

ऑनलाइन पैसे दिले म्हणून निदान पुरावा आहे. रोख देऊ नका. गाडी देताना मॉड्यूल, कॉइल, डिस्ट्रिब्युटरचे नंबर दिसतील असे फोटो काढा, जुना भाग परत देण्याचं व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. तिथला अर्ज आता दाखल केला आहे, सोबत 1.5 ओहम दाखवणाऱ्या मीटरचा फोटो, स्क्रूच्या वणांचा फोटो आणि पैसे दिल्याची पावती.